दाजींचं सासर-माहेर

आमच्या दाजींसारखा ताल बिघडवणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांना साथ करून करून माझ्याइतका कावलेला ढोलकीवालाही नसेल. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान आणि आमच्या ऑर्केस्ट्राचे गिटारवाले. तक्रार करायची तरी कुणाकडे? त्यांच्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन आवाज होते, एक गोड, एक कर्कश. गोडाला दाजी माहेर म्हणत, कर्कशाला सासर. पायाशी बटण होतं. ते दाबलं की आवाज बदलायचा, पण लगेच नाही. मध्ये क्षणभर सगळं गप्प. मी हात वर धरून ताटकळायचो, गायिका तोंड उघडं ठेवून उभी, आणि दाजी निवांत. "माहेरातून पाय निघायला येळ लागतोच की बे," असं वर मलाच ऐकवायचे. एकदा मी ते बटण दुरुस्त करायला पेचकस घेऊन पुढे सरलो, तर आठवडाभर बोलले नाहीत. शेवटी त्यांनीच उपाय काढला, बटण आधीच दाबायचं. मग जेवताना, टेम्पोत, जिथं तिथं पायाचा सराव. ताई म्हणायची, "झोपेत बी लाथा मारतेत. लई छळ हाय."

तेव्हा घरोघरी केबल आली होती आणि लोकांना सगळं झटपट लागायला लागलं होतं. ऑर्केस्ट्राचे मालक गिटारऐवजी कीबोर्ड आणायचं म्हणत होते. नेकनूरच्या लग्नाआधी त्यांनी दाजींना तोंडावर सांगितलं, "आता घोळ झाला तर गिटार बंद." दाजींचा चेहरा एवढासा झाला. गिटारीवाचून त्या माणसाला दुसरं काही सुचतच नव्हतं हो!

लग्न सुरळीत पार पडलं. राहिलं पाठवणीचं गाणं. नवरी आईच्या गळ्यात, सगळा मांडव रडतोय. पुढं वरातीचं धांगडधिंग्याचं गाणं होतं, म्हणून शेवटच्या ओळीलाच दाजींनी बटण दाबून ठेवलं. आणि मेलं ते बटण नेमकं त्याच दिवशी लगेच लागलं! आईच्या मायेची ओळ अशी काही किंचाळली की नवरी रडायची थांबून पदरात तोंड घालून हसायला लागली. मालक तणतणत आले. दाजी म्हणाले, "पोरगी सासरला निघाली, मी बी निघालो. जरा घाई झाली, मालक." मालक हसले नाहीत.

कीबोर्ड आला. बोट टेकवलं की आवाज बदलतो. दाजी अजून आमच्या कार्यक्रमांना येतात, समोरच बसतात. परवा मी विचारलं, "कसं झालं, दाजी?"

"लई भारी. एकदम टायमात." मग माझ्या ढोलकीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "पन तू आता दम कुठं घेतो रे?"

पुढच्या गाण्याआधी मी क्षणभर हात तसाच वर धरून ठेवला.