पायरीवरचा निकाल

बोईसरला माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तेव्हा पायरीवर एक मासळीवाली बसायची. कोयता आणि तोंड एकदमच चालायचं. मान काही वर व्हायची नाही. एकदा शेजारचे मास्तर तावातावानं आले. पडद्यावर मारामारी करणाऱ्या बाईकडे बोट दाखवून मासळीवालीला म्हणाले, "मावशी, तुम्हीच बघा, मांड्या उघड्या!"

तिनं खाली मानेनंच आपलं गुडघ्यावर खोचलेलं लुगडं दाखवलं. "माझ्यापन हायत. मलापन उठवणार काय?"

तेवढ्यात पडद्यावर कुणाचं तरी मुंडकं उडालं. आता मात्र तिची मान वर झाली.

"खायचा नाय, विकायचा नाय, मंग कापला कशाला?"

मुंडक्यांचा खेळ मी त्याच दिवशी काढून टाकला. मांड्या राहिल्या.