मक्केत हरवलेल्या चाची

बांगडीवाल्या चाचींना पत्ता विचारला, की त्या माणसं सांगायच्या. शिक्षिका म्हणून मी जव्हारला नवीन होते, तेव्हा मोखाड्याच्या बाजारात त्यांना एका पाड्याची वाट विचारली. म्हणाल्या, "आधी जिची सून नाशिककडची, तिचं घर. मग जिचा नवरा ढोल वाजवतो, तिचं. तिच्या पुढं तुझा पाडा." वाट सापडली, शिवाय दोन्ही घरी चहा झाला.

पुढं आम्ही शेजारी झालो. चाची बांगड्यांची पेटी घेऊन पाडोपाडी फिरायच्या. बाईचा पंजा दाबला की त्यांना माप कळायचं, आणि माप घेता घेता तिच्या घरचं सगळं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. "पाटी एकदाच सांगते," त्या म्हणायच्या, "माणूस विचारशील तितक्या वेळा सांगतो."

मी आणि माझे मिस्टर उमऱ्याच्या यात्रेला निघालो, तेव्हा त्यांच्या भिवंडीच्या लेकानं त्यांना आमच्या सोबतीनं पाठवलं. मक्केत पोचल्या पोचल्या मी चाचींना बजावलं. हरमला, म्हणजे काबेभोवतीच्या मशिदीला, चारी बाजूंनी दरवाजे आहेत, सगळे सारखेच वाटतात. आपला एकोणऐंशी नंबरचा, चुकलात तर तिथं येऊन थांबा. घड्याळाच्या मनोऱ्यावर विसंबू नका, तो कुठूनही दिसतो. चाचींनी मान डोलावली आणि दरवाजाशी झाडू मारणाऱ्या एका बंगाली माणसाला खुणेला धरलं. त्याचं नाव, गाव, पोरंबाळं, सगळं विचारून झालं.

एका दुपारी असरच्या नमाजानंतर पोलिसांनी गर्दी दुसऱ्या बाजूला वळवली आणि चाचींचा हात माझ्या हातातून सुटला. त्यांचा फोन खोलीवर राहिला होता. मी दरवाजाशी उभी राहिले, मिस्टर आत शोधत राहिले. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली तरी पत्ता नाही. त्यांच्या लेकाला आता काय तोंड दाखवायचं?

आणि मग चाची आल्या. पुढं तो झाडूवाला, मागं चाची, आणि त्यांच्या हाताला धरलेली एक उंच आफ्रिकन बाई. झाडूवाल्याची ड्यूटी त्या दिवशी दुसरीकडे होती. चाचींनी भेटेल त्या सफाई कामगाराला या झाडूवाल्याचं नाव घेऊन विचारलं होतं, शेवटी कुणीतरी त्याला बोलावून आणलं.

मी चिडूनच म्हटलं, "तुम्हाला दरवाजाचा नंबर पाठ करायला सांगितला होता ना?"

"दरवाजात आले ना मी?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आता हिचं बघ. हिची माणसं चुकलीत. आणि हिला बिचारीला कुणाला विचारताही येत नाही."

त्या बाईला आम्ही मदतकेंद्रावर नेलं, तिच्या गळ्यातलं कार्ड बघून तिथल्या पोरींनी फोन लावला. तिची माणसं येईपर्यंत चाची हलायला तयार नव्हत्या. बाई रडत होती. चाचींनी तिचा पंजा दाबला, पर्समधून हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या आणि एकेक करून चढवू लागल्या. एक अडकली, तेव्हा चाचींनी असं तोंड केलं की ती बाई खुदकन हसली. तिची माणसं आली, तेव्हा दोघी आपापल्या भाषेत मजेत बोलत बसल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात चाची गेल्या. दफन झाल्यावर चार-पाच दिवसांनी मोखाड्याकडच्या पाड्यावरची एक म्हातारी जीपनं आली. तिला निरोप उशिरा मिळाला होता. माझ्या ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि हळूच म्हणाली, "बाई, तिला तठं वाट गवसल ना?"

मी म्हटलं, "एकट्या कुठं गेल्यात त्या? आतापर्यंत कुणाचा तरी हात धरला असेल."

म्हातारी हसली, मीही हसले. मग आम्ही दोघी पोटभर रडलो.