जनरेटर बाहेरच राहील

नव्वदीच्या दशकात लष्करातली माझी इंजिनिअर कंपनी बेंगळुरूत होती. गाव माझंच. घरात मराठी, गल्लीत कन्नड, अशात वाढलो. त्या पावसाळ्यात तळं फुटलं आणि कोरमंगलाच्या सखल भागात छातीइतकं पाणी भरलं. सकाळी सहाला आम्ही बोटी घेऊन निघालो.

दहापर्यंत चाळीस माणसं एका कल्याण मंटपाच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, वरच्या मजल्यावर आणली. लाइट नव्हती. उंच अंगणात पोर्टेबल जनरेटर लावला. वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या, भिंतीपासून वीस पावलं.

साडेअकराला मंटपाचे व्यवस्थापक रामोजीअण्णा आले. आमच्यातलेच, जुने मराठी.

"हवालदार, मशीनला पाऊस लागतोय. स्वल्प आत घेऊ?"

मी बोटीचा दोर सोडत होतो. म्हणालो, "सरी," म्हणजे बरं.

लान्स नायक जाधव साताऱ्याचा. त्यानं विचारलं, "उस्ताद, स्वल्प म्हणजे किती?"

"थोडंसं रे. तू वर थांब, माणसं सांभाळ."

अण्णांचं थोडंसं म्हणजे जिन्याखालची खोली. दार स्वल्प उघडं, खिडकी स्वल्प उघडी. या गावात स्वल्पमध्ये काहीही बसतं, आणि मी याच गावचा! पण जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो जिन्यानं वर चढला.

दोन वीसला रेडिओ वाजला.

"उस्ताद, सगळ्यांची डोकी दुखतायत. दोघी ओकल्या. एक आजी उठत नाही. ओव्हर."

"मशीन कुठाय? ओव्हर."

"जिन्याखाली. चालू आहे. ओव्हर."

मी बोट मंटपाकडे वळवली. "सगळ्यांना गच्चीवर काढ. तू खाली जाऊ नको. ओव्हर."

"काढतोय. पण आजींना उचलायला वेळ लागेल, तोवर धूर वाढेल. बंद करून येतो. आउट."

बोट पोचायला बारा मिनिटं लागली. गच्चीवर चाळीसही जण जिवंत होते, आजीसुद्धा. मशीन बंद होतं. जाधव त्याच्याशेजारी पडला होता. पावसात ओढून काढला, तोंडानं श्वास दिला, छाती दाबली. नाही उठला.

मशीन आम्ही परत अंगणात पत्र्याखाली नेलं. संध्याकाळी मंटपाच्या कमिटीचे एक बडे गृहस्थ आले. म्हणाले, मशीन आत लावा, नुसतं दार पूर्ण उघडं ठेवा. माझं डोकंच फिरलं. मी मशीनवर बसलो.

"आत न्यायचं तर माझ्यासकट उचला."

"तुमच्या साहेबांना सांगीन."

"खुशाल सांगा!"

कुणी उचललं नाही. मशीन पत्र्याखालीच चाललं.

आता रिटायर झालो. वादळानंतर लाइट गेली आणि कुणाच्या गॅरेजातून, बाल्कनीतून जनरेटरचा आवाज आला, की मी सरळ फाटक ढकलतो. "खिडकी उघडी आहे हो," म्हणतात. अहो, खिडकीनं भागत नाही! बाहेर काढा, दारं-खिडक्यांपासून लांब, धुराचं तोंड घराकडे नको. पेट्रोल भरायचं तर आधी बंद करून थंड होऊ द्या. म्हातारा सटकलाय म्हणतात. म्हणू देत. मशीन बाहेर निघाल्याशिवाय मी हलत नाही.

जाधवचं सामान घेऊन मी त्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या बायकोनं विचारलं, "गोळी लागली का?"

"नाही, वहिनी. जनरेटरच्या धुरानं. मशीन आत न्यायला मीच हो म्हणालो होतो."

तिनं सामान आत नेऊन ठेवलं. मग म्हणाली, "हे सगळ्यांना सांगा. तुमच्या नावानिशी सांगा."

सांगतोय. चाळीस माणसं वाचवली लान्स नायक मारुती जाधवनं. हो म्हणालो तो मी, हवालदार विठ्ठल पवार.