अश्वजितची शिक्षा

पोरगा फौजेत गेला की त्याची पुस्तकं रद्दीत घालायची, हा आमच्या मारेगावचा रिवाज. मला या रिवाजाची भारी चीड आहे. मी इथे शाळेत इंग्रजी शिकवतो आणि अश्वजित माझा विद्यार्थी. कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून तो भरती झाला, तेव्हा त्याच्या शेजारचे बापूजी म्हणाले, "आता कायची पुस्तकं? पंधरा-सतरा साल नोकरी करन, मंग बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहीन." जिभेला हाड नसतं म्हणून माणसानं काहीही बोलावं का?

ट्रेनिंग संपवून पोरगा पलटणीत रुजू झाला आणि थोड्याच दिवसांत घोटाळा झाला. संध्याकाळच्या हजेरीत त्याला जांभई आली. हवालदारानं डोळे वटारले. तासाभरानं निरोप आला, "कल सुबह शिक्षा के लिए किसनसिंग साहब के पास पहुँचो." आता आपल्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षाच. हिंदी त्याला येत होती, पण आमची हिंदी बाजारातली, आणि बाजारात शिकण्याला सगळे पढाईच म्हणतात. त्यानं घाबरून घरी फोन लावला, "आई, मले शिक्षा झाली!" एवढं बोलला आणि फोन कटला.

त्याची आई मथुराबाई लोकांच्या वावरात कापूस वेचते. चौथीत तिची शाळा सुटली ती कायमची. उजाडताच ती माझ्या दारात उभी. "मास्तर, कोणाले मारलं असन का जी यानं?"

तिकडे हा पठ्ठ्या पाठीवर पिट्ठू म्हणजे फौजेतली वजनदार पिशवी, डोक्यावर हेल्मेट, कमरेला पाण्याची बाटली अशा थाटात पोचला. पाहतो तर जवान बाकांवर वह्या उघडून बसलेले. सुभेदार किसनसिंग हे पलटणीचे मास्तर.

"जंग पे जा रहे हो क्या?"

"नहीं साहब, शिक्षा के लिए आया हूँ. कितने चक्कर मारने हैं?"

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हा उलगडा झाल्यावर अख्खा वर्ग पोट धरून हसला. साहेबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग ते म्हणाले, "पिट्ठू उतारो. आ ही गए हो, तो अब पूरी करके जाना."

त्यांनीच त्याला सांगितलं की नोकरीत असलेल्या जवानालाही अधिकारी होता येतं. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखतीचं मंडळ, आणि निवड झाली की डेहराडूनला तीन वर्षं कॉलेज, वर एक वर्ष अकादमी. पगारही सुरू. हे ऐकल्यापासून पोराला दुसरं काही सुचेना. ड्युटी सांभाळून अभ्यास केला, लेखी परीक्षा पास झाला. पण मंडळापुढे गटचर्चेत इंग्रजी बोलायची वेळ आली आणि याची दातखीळ बसली. आला तसा परत पाठवला. वयाची अट पाहता आता एकच संधी उरली होती.

सुट्टीवर आला तो थेट माझ्याकडे. मी तपासून पाहिलं, व्याकरणात खोट नव्हती. चार माणसं दिसली की पोराला लाज वाटायची, एवढंच. मथुराबाईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग चाल माह्यासंग. तिथं चार नाही, वीस बाया हायेत."

सीतादहीचा, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीचा हंगाम होता. आई एका ओळीत, लेक शेजारच्या ओळीत. कापूस वेचता वेचता तो इंग्रजीतून नद्यांवर बोलला, शेतीवर बोलला, सैन्यातल्या शिस्तीवर बोलला. बाया म्हणायच्या, "हो बाप्पा, बरोबर हाय!" तो अडखळला की मथुराबाई ओरडायची, "काहून थांबला? आमाले कुठी समजून राह्यलं? बोल!" मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून ऐकत होतो. त्याच्या दोन-तीन चुका मी मुकाट्यानं गिळल्या. सुट्टी संपेपर्यंत तो त्या बायांशी भांडायलासुद्धा इंग्रजी वापरू लागला. खरं सांगतो, इतका अभिमान मला माझ्या शाळेच्या निकालाचाही कधी वाटला नाही.

दुसऱ्या खेपेला मंडळानं विचारलं, "फौजेत अभ्यास सुरू कसा केलास?" हा म्हणाला, "चुकून, सर. पाठीवर पिट्ठू घेऊन." आणि पिट्ठूची सगळी कथा त्यानं न अडखळता इंग्रजीत सांगितली.

निकालाचा फोन आला तेव्हा मी मथुराबाईच्या अंगणातच होतो. बापूजीही कान टवकारून बसले होते. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, मले पुन्हा शिक्षा झाली."

बापूजी दचकले. आम्हा दोघांना मात्र फौजेतल्या शिक्षेचा अर्थ एव्हाना ठाऊक होता. मथुराबाईनं लगेच विचारलं,

"कितीची?"

"चार सालची. डेहराडूनले."

तिनं पदरानं डोळे पुसले, फोन तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"पुरी भोगजो लेका. माह्यावानी मधातच सुटून येजो नोको."