तेवीस दिवस मी गोळ्या घेतल्या नाहीत

"थुंकीत टीबीचे जंतू सापडलेत," डॉक्टर म्हणाले आणि उठून त्यांनी मागची खिडकी सताड उघडली. मग माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

आई म्हणाली, "नात आहे. दीड वर्षाची."

मला टीबी झाला यापेक्षा तो प्रश्नच मला जास्त लागला. ओवी माझ्या भावाची मुलगी. पाच आठवडे मी खोकत होते, संध्याकाळी अंग तापत होतं, वजन सेहेचाळीसवरून एकोणचाळीसवर आलं होतं आणि त्या पाचही आठवड्यांत ओवी दुपारी माझ्याच कुशीत झोपत होती. खालापूरच्या दवाखान्यातून आमच्या गावी, चौकला, परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले.

हे मी ज्यांना आज नाहीतर उद्या अशा खोलीत बसावं लागेल त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी मुळात कमी बोलणारी. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे घरातल्यांना वाटायचं हिला सगळं समजतं. मलाही तसंच वाटायचं.

उपचार कळायला सोपे असतात. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, पुढचे चार महिने तीन औषधांच्या. माझ्या वजनाला रोज तीन गोळ्या, सकाळी उपाशीपोटी. त्यातलं एक औषध रिफाम्पिसिन. त्याने लघवी लालसर नारिंगी होते, कधी डोळ्यांतलं पाणीही. घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

ओवीला टीबी झाला नव्हता, पण होऊ नये म्हणून तिलाही सहा महिने रोज एक गोळी सुरू झाली. पाण्यात विरघळणारी. वहिनी ती चमच्यात विरघळवायची, ओवी तोंड वाकडं करायची आणि गिळायची.

आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या म्हणजे रंजनाताई. दर आठवड्याला यायच्या. मी गोळ्या घेते की नाही याची रोजची नोंद मात्र फोनवर व्हायची. गोळ्यांच्या पाकिटाची रचनाच तशी होती. गोळी ढकलून बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला एक नंबर दिसायचा. त्या नंबरावर मिस्ड कॉल दिला की कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये माझ्या नावापुढे त्या दिवसाची खूण व्हायची.

शेजारीपाजारी आम्ही कावीळ सांगितली होती. त्याचा परिणाम असा की आळीतल्या दोन काकू माझ्यासाठी कुठल्यातरी झाडाची साल घेऊन आल्या. आईने ती साल आदराने ठेवून घेतली आणि वाडग्यात भिजतसुद्धा घातली. कोणी विचारलंच तर दाखवायला.

त्याच महिन्यात कॉलेजमध्ये, कर्जतला, इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकीला एक कादंबरी नेमून दिली. माझ्या वाट्याला आली ती तरुण मुलांसाठी लिहिलेली, उद्याच्या एका बिघडलेल्या राज्याची. दर प्रकरणानंतर वहीत आपली प्रतिक्रिया लिहायची. सारांश चालणार नाही, मॅडमनी कळवलं, तुम्हाला काय वाटलं ते लिहा. पुस्तक मैत्रिणीने घरी आणून दिलं. मी घरीच होते, त्यामुळे वाचायला वेळच वेळ होता.

त्या पुस्तकातल्या शहरात प्रत्येकाला नंबर असतो. रोज सकाळी खिडकीपुढे रांग लावून एक गोळी घ्यायची आणि यंत्रापुढे तोंड उघडून दाखवायचं. नायिका माझ्याच वयाची. एक दिवस ती गोळी जिभेखाली धरते आणि कोपऱ्यावर जाऊन थुंकते. चौथ्या दिवशी तिला रंग दिसू लागतात, राग येऊ लागतो, लहानपणीचं आठवू लागतं.

मी ते प्रकरण तीनदा वाचलं. मलाही नंबर होता. माझीही नोंद होत होती. माझं ताट वेगळं होतं, टॉवेल वेगळा होता, आणि कोणी मला विचारलं नव्हतं. वहीत मी लिहिलं, "या शहरात प्रामाणिक शरीर एकट्या हिचंच आहे." ते वाक्य मला इतकं आवडलं की त्याखाली रेघ मारली.

खरं कारण एवढं भारदस्त नव्हतं हेही सांगते. गोळ्यांनी मला रोज मळमळायचं. दोन महिने संपले तेव्हा खोकला गेला होता, ताप गेला होता, तीन किलो वजन वाढलं होतं आणि कॉलेजला जायची परवानगी मिळाली होती. सकाळी सातच्या टमटममध्ये दाटीवाटीने बसून कर्जत गाठायचं आणि वाटेत उलटी होऊ द्यायची नाही, हे रोज जमेना. एके सकाळी मी तीन गोळ्या ढकलून काढल्या, नंबरावर मिस्ड कॉल दिला, आणि गोळ्या तोंडात घातल्याच नाहीत.

त्या दिवशी मळमळलं नाही. डबा पूर्ण खाल्ला. मैत्रिणी म्हणाल्या, चेहरा किती छान दिसतोय तुझा. आणि मला मनात त्या नायिकेसारखं वाटलं.

गोळ्या मागच्या अंगणात टाकाव्यात तर कोंबड्या खातील. म्हणून मी त्या शाळेच्या जुन्या पेन्सिल-पाऊचमध्ये भरत गेले. रोज सकाळी सहाला मिस्ड कॉल, मग पाऊचची चेन. कॉम्प्युटरच्या हिशेबात माझ्याइतकी शहाणी पेशंट अख्ख्या तालुक्यात नसेल.

मधल्या आठवड्यांत रंजनाताई आल्या तेव्हा मी कॉलेजात असायचे. तेविसाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी घरी होते. वहिनी पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती, ओवी टरफलं उधळत होती. ताईंनी चहा घेतला, वजनाचं विचारलं, खोकल्याचं विचारलं. मग नेहमीच्याच मोठ्या आवाजात, वहिनीसमोर, "लगवीला लाल होतंय ना गं?"

मी लाजले. पण लाजता लाजता मला अभिमानही वाटत होता. "नाही ताई," मी म्हटलं, "आता एकदम नॉर्मल. बरी झाले ना."

मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली, वहिनीला वालाचा भाव विचारला. मग म्हणाल्या, "चल बाय, मला रस्त्यापर्यंत सोड."

कुंपणाबाहेर आल्यावर त्या थांबल्या. आवाज बारीक केला. "किती दिस झालं?"

मी कुंपणाची काठी सारखी करू लागले.

"गोळी पोटात गेली की लगवी लाल होतेच. बरं वाटल्यावर पन होते, शेवटच्या दिसापर्यंत होते. किती दिस झालं?"

"तेवीस."

"आनि फोन?"

"फोन रोज केला."

ताई हसल्या असं मला वाटलं, पण ते हसणं नव्हतं. "मशीनला फसवलंस. मशीनला टीबी हाय का गं?"

मी पाऊच आणून दिला. त्यांनी तिथेच, दगडावर बसून, पदरात गोळ्या ओतल्या आणि मोजल्या. एकोणसत्तर. मग पदराला गाठ मारली. शेवटी म्हणाल्या, "दवाखान्यात मी सांगनार, ते माजं काम हाय. घरात तू सांगायचं. बारकी पोर हाय घरात."

दुसऱ्या दिवशी खालापूरला तेच डॉक्टर होते. तीच खिडकी त्यांनी उघडली आणि यावेळी माझ्याशीच बोलले. "रेझिस्टन्स हा शब्द ऐकलाय? म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देणं. पूर्ण औषध दिलं तर जंतू मरतात. अर्धवट सोडलं तर जे उरतात ते त्या औषधाला सरावू शकतात. मग हीच औषधं चालत नाहीत. दुसरी द्यावी लागतात, ती जास्त त्रासाची आणि जास्त दिवसांची."

मी विचारलं, "आणि ओवी?"

"तुमच्यातला जंतू सरावलेला निघाला आणि तो तिच्यापर्यंत गेला असेल, तर तिची गोळी तिला वाचवेलच असं मला म्हणता येणार नाही."

त्यांनी थुंकीच्या दोन तपासण्या लिहिल्या. एक स्मिअर, म्हणजे काचेवर थुंकी पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात का ते पाहायचं. ते दोन दिवसांत कळतं. दुसरी कल्चर. म्हणजे ती थुंकी प्रयोगशाळेत जपून ठेवायची आणि जंतू वाढतात का ते बघायचं. वाढले तर कोणत्या औषधाला मरतात ते बघायचं. त्याला सहा आठवडे.

मळमळीचंही मी तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलं? थोडं खाऊन गोळी घेता आली असती. मळमळीवर गोळी देता आली असती." मला कोणी विचारलं नव्हतं हे खरं, पण मी तोंड उघडलं नव्हतं हेही खरं.

घरी मी वहिनीला सांगितलं. आईला आधी सांगणं सोपं होतं, तिने मला पदराखाली घेतलं असतं. म्हणून वहिनीला. ती ओवीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पाऊचसकट, तपासणीसकट. ती घड्या घालत राहिली. शेवटचं झबलं ठेवून झाल्यावर म्हणाली, "ती एवढीशी पोर रोज गिलते. तुला नाय गिलवली?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. भांडली नाही, माहेरीही गेली नाही. जेवण वाढायची, पण ताट ठेवून निघून जायची. मी पडवीत आले की ओवीला उचलून आत न्यायची. दादा कामावरून आला की तिच्याकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि हात धुवायला जायचा. आई दोघींच्या मध्ये उगीचच मोठ्याने बोलायची.

स्मिअरमध्ये जंतू दिसले नाहीत. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण यावर विसंबू नका, कल्चर येऊ द्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी आईसमोर आणि आठवड्यातून दोनदा रंजनाताईंसमोर. पहिल्याच दिवशी दुपारी लघवी लाल झाली. मी बाथरूममध्ये बसून रडले.

त्याच दिवसांत मॅडमनी वही परत दिली. मी रेघ मारलेल्या वाक्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्न होता: या शहरातल्या गोळीने कोणता आजार बरा होतो? पुस्तकात शोधा.

मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. आजार कुठेच नव्हता. त्या अख्ख्या शहरात कोणी आजारीच नव्हतं. कोणी खोकत नव्हतं, कोणाच्या कुशीत दीड वर्षाचं मूल झोपत नव्हतं. तिने थुंकलेल्या गोळीने दुसऱ्या कोणाचंही काही बिघडणार नव्हतं. लेखिकेने तिच्यासाठी ते सोपं करून ठेवलं होतं, आणि मी ते माझ्यासाठीही सोपं धरून चालले होते.

तरी पुस्तकावर मी राग धरला नाही. माणसाला नंबर दिला की त्याला कसं वाटतं, हे त्यात खरं लिहिलं होतं. वेगळ्या ताटाचा, कावीळ म्हणून सांगण्याचा मला राग आला होता तो चुकीचा नव्हता. तो राग बोलून दाखवायच्या ऐवजी मी पाऊचमध्ये भरत गेले, चूक तिथे होती. मॅडमना मी तसंच लिहून दिलं. पाऊचचंही लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शिक्षकांना स्वतःबद्दल काही सांगितलं.

सहा आठवडे कसे गेले ते नीट सांगता येत नाही. साधी शिंक आली तरी मी रिपोर्टपर्यंतचे दिवस मोजायचे. ओवीला एकदा सर्दी झाली, दोन रात्री ताप होता. त्या दोन दिवसांत वहिनीने माझं ताटही ठेवलं नाही, आईने ठेवलं. सर्दी साधीच निघाली. पण त्या दोन दिवसांत मी ठरवलं होतं की कल्चर वाईट आलं तर कॉलेज सोडायचं आणि वेगळं राहायचं. कुठे, ते ठरवलं नव्हतं.

रिपोर्टच्या दिवशी आईला गुडघ्यामुळे येववेना. मी एकटीच निघाले. एसटी फाट्यावर थांबली तेव्हा मागून वहिनी चढली, ओवीला आईकडे ठेवून. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती दोन रांगा पुढे बसली.

दवाखान्यात बाकावर आमच्यामध्ये एक आजोबा होते. त्यांनी दोनदा विचारलं, तुम्ही दोघी सोबत का? पहिल्यांदा वहिनी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिली. दुसऱ्यांदा वहिनी म्हणाली, "नणंद हाय माजी."

डॉक्टरांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. "नो ग्रोथ," ते म्हणाले. "म्हणजे थुंकीत जिवंत जंतू वाढले नाहीत. औषध काम करतंय. चुकलेले तेवीस दिवस पुढे वाढवू आणि कोर्स पूर्ण करू. बाळाची गोळी आहे तशीच चालू." मग वहिनीकडे बघून, "नशीब चांगलं म्हणायचं. हे दर वेळी असं होत नाही."

हे शेवटचं वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. मी वाचले यात माझं कर्तृत्व काही नाही. रंजनाताईंनी सगळ्यांसमोर लाज वाटेल असा प्रश्न विचारला म्हणून मी वाचले. त्रास होत असेल तर सांगा. बरं वाटलं तरी गोळी सोडू नका. आणि लघवीचा रंग कोणी विचारला तर लाजू नका.

परतीच्या एसटीतही वहिनी पुढेच बसली. घरी आल्यावर तिने ओवीला आईकडून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी पडवीत चपला काढत होते. आतून हाक आली. सहा आठवड्यांनी माझ्या नावाने.

वहिनीने चमचा, वाटीत थोडं पाणी आणि ओवीची गोळी ओट्यावर मांडून ठेवली होती. आज सकाळची राहिली होती, निघायच्या घाईत.

"आजपासनं हिची गोली तू द्यायची," ती म्हणाली. "रोज. माज्यासमोर."

मी हात धुतले. गोळी पाण्यात विरघळायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ वहिनी उंबऱ्याशी, चौकटीला टेकून, माझ्या हाताकडे बघत उभी होती. नजर जरासुद्धा हलवली नाही. ती तिथेच उभी राहावी असं मला वाटत होतं. मी चमचा पुढे केला आणि ओवीने तोंड वाकडं करून उघडलं.