मामांची पंधरावी विभक्ती

माझ्या बायकोच्या मामांनी मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की माझा आवाज उतरतो आणि तक्रार तक्रारीसारखी वाटत नाही. लालबागच्या चाळींतून डोक्यावर पाटी घेऊन मी पितळेची भांडी विकली आणि त्याच लालबागेत दुकान थाटलं. घाऊक बाजारातल्या भल्याभल्यांचे तराजूवरचे अंगठे मी पकडले आहेत. मला फसवून गेलेला माणूस अख्ख्या मुंबईत एकच, आणि त्याला भोपळ्याचा भाव विचारला असता तर त्याने भोपळ्याची षष्ठी सांगितली असती.

मामा माझगावच्या गोदीत कारकून होते. नोकरी संपली तरी गोदी सुटली नाही, कारण तिथे देशोदेशीचे खलाशी उतरत, आणि मामांना जगात एकच शौक होता, विभक्तींचा. आपण शाळेत ‘स, ला, ते’ घोकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. मामा विसरले नाहीत, उलट इतर भाषांतल्या लोकांचं काय चाललंय याची त्यांना काळजी लागून राहिली. गोदीच्या फाटकासमोरच्या इराण्याकडे ते एखाद्या खलाशाला चहा आणि मस्कापाव घेऊन देत आणि मग धडा सुरू होई. इराण्याच्या दारातून आत जायचं, बाहेर यायचं, दाराला टेकायचं, दारापासून लांब व्हायचं, आणि दर वेळी खलाशाकडे बघून भुवया उंचावायच्या. इराणी गल्ल्यावरून ओरडायचा, “अरे बाबा, अंदर या बाहर, कुछ एक करो!” जमवलेला माल मामा गिरगावातल्या आपल्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहून काढत. एका रशियन खलाशाने त्यांना पूर्ण कोष्टक भरून दिलं, ते मामांनी पुढच्या जहाजाच्या कप्तानाला हात जोडून म्हणून दाखवलं. कप्तान हसता हसता धक्क्यावर खाली बसला, कारण त्या सहाही ओळी शुद्ध शिव्या होत्या. मामांना वाईट वाटलं नाही. “शिव्या असतील,” ते म्हणाले, “पण प्रत्यय खरे होते.”

भाषांची त्यांनी प्रतवारी लावली होती. जर्मन म्हणजे चार विभक्तींत टुकीने संसार करणारी बाई, संस्कृत म्हणजे भरलं घर. इंग्रजीवर मात्र त्यांचा राग. “तिने एकेक करून सगळ्या मोडीत काढल्या, जावईबापू. तुमच्यासारख्या कुणीतरी वजनावर घेतल्या असतील.” असं काही सुरू झालं की मला दुकानातलं काम आठवायचं. रविवारी मामा जेवायला येणार असले तर मी सकाळीच कुलूप उघडून रिकाम्या दुकानात बसायचो. एकदा मी चिडून विचारलं, “मामा, ह्या सगळ्याचा उपयोग काय?” ते दिवस चळवळीचे होते. खाली रस्त्यावरून मोर्चा चालला होता आणि ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’च्या घोषणेने आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मामांनी बोट वर केलं. “ऐका! सह! सह आलं की संस्कृतात तृतीया. अख्खं शहर एका तृतीयेसाठी रस्त्यावर उतरलंय आणि तुम्ही मला उपयोग विचारता?”

मग तो गोळीबाराचा दिवस आला. दुपारी मामांचा शेजारी धापा टाकत आमच्याकडे आला. मामा सकाळीच मोर्चा बघून येतो म्हणून गेले होते, ते परतले नव्हते. बायकोने पदर खोचला, मी चपला घातल्या. गल्लीबोळांतून वाट काढत आम्ही परळच्या इस्पितळात पोचलो. फाटकाशी गर्दी होती आणि आतून एक माणूस नावं वाचून दाखवत होता. प्रत्येक नावाला बायको माझं मनगट आवळायची. काही जण तर नाव न कळलेलेच आत पडले होते. त्यांना बघायला कुणाला आत सोडत नव्हते.

आवारात एक लहानसं गणपतीचं देऊळ होतं. मी तिथे उभा राहिलो आणि म्हणालो, “मामा जिवंत येऊ देत, नारळ देतो.” देव गप्प. “अकरा देतो.” गप्पच. गिऱ्हाइकासमोर गप्प बसणं ही माझी स्वतःची युक्ती, ती माझ्यावरच उलटलेली मी पहिल्यांदा बघितली. समोरच्याने तोंड उघडलं नसताना मी भाव वाढवत गेलो, आणि शेवटी मोठ्याने बोलून बसलो, “येऊ देत ते. दर रविवारी त्यांच्यासमोर बसून सगळ्या विभक्ती ऐकेन. शेवटच्या विभक्तीपर्यंत!”

“मी ऐकलंय हो,” मागून बायको रडत रडत म्हणाली.

यादी संपली तरी मामांचं नाव आलं नाही, तेव्हा एकदा त्यांची खोली बघावी म्हणून आम्ही गिरगावात चालत गेलो. दार उघडं होतं. डोक्यात जाड लोकरीची टोपी, हातात खडू, आणि मामा दारासमोर उकिडवे बसून लिहीत होते.

“या, या जावईबापू! फिनलंडचं जहाज लागलंय. पंधरा विभक्ती! पंधरा!”

“तुम्ही मोर्च्याला गेला होतात ना?”

“निघालो होतो. वाटेत तिथला एक खलाशी भेटला. मग गडबड झाली, फाटकं बंद झाली, तर ती उघडेपर्यंत त्यांनी मला बोटीवरच ठेवून घेतलं. मासे कसले खातात, विचारू नका. पण ‘घरात’ला म्हणतात तालोस्सा, आणि ‘घरातून’ला...”

“मेलेल्यांत शोधत होतो तुम्हाला!” मी असा ओरडलो की सगळी चाळ गॅलरीत आली. “मेलेल्यांत!”

मामांनी खडू खाली ठेवला. “मला? तुम्ही?”

मी उंबऱ्यावर बसलो आणि त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला. घामेजलेला, माशांचा आणि लोकरीचा वास मारणारा, गरम दंड. इतका चांगला माल मी आयुष्यात हातात धरला नव्हता. बायको एकदा हसत होती, एकदा त्यांच्या टोपीवर चापट्या मारत होती. तेवढ्यात तिने नवसाचं सांगून टाकलं. मामांनी खडू उचलला आणि माझ्यासमोर मांडी घातली.

नवस तो नवस. मी दर रविवारी गिरगावात जाऊन बसू लागलो. फिनलंडवाल्यांच्या एकेका विभक्तीला मामा महिनेच्या महिने लावत, ती संपली की तिची ओळ दारावर भरत. वाटेत तमिळ यायची, लॅटिन यायची, त्यांच्या वारलेल्या बायकोच्या हातची सोलकढी यायची. ते मुद्दाम लांबवताहेत हे मी ओळखलं होतं. गिऱ्हाईक आवडलं की मीही माल हळूहळूच दाखवतो. पुढे महाराष्ट्र मुंबईसह झाला, त्या दिवशी मामा पेढे घेऊन दुकानात आले. “घ्या. मिळाली तृतीया.” चौदावी संपली तेव्हा मीच होऊन म्हणालो, “आणि पंधरावी?” “घाई काय आहे?” ते म्हणाले. त्याच आठवड्यात झोपेतच गेले.

दारावर चौदा ओळी भरलेल्या, खाली एक जागा कोरी. नव्या भाडेकरूने दार रंगवलं. गोदीवर जाऊन कुणाही फिनलंडवाल्याला मी पंधरावी विचारू शकतो, पण नवसात मी ‘मामांसमोर बसून’ म्हणालो होतो आणि बायकोने ते ऐकलं आहे. म्हणजे देवाच्या लेखी मी अडकलो. तर देवाने आधी ह्या व्यवहाराचा निकाल लावावा. मी जागेवर बसून होतो, उठून गेले ते मामा. त्याने त्यांना बोलवावं, माझ्यासमोर बसवावं आणि विचारावं, पंधरावी कुठे ठेवलीत? मला जाब पाहिजे. सावकाश द्या म्हणावं, हवे तितके महिने लावा. रविवार मी अजून मोकळा ठेवतो.