आमच्या घरी नसलेले काका

शाळेत कॉम्प्युटरच्या बाईंनी आम्हाला एकच गोष्ट कळकळीने शिकवली होती. इंटरनेटवर खरं नाव कुणाला सांगायचं नाही. बाकीच्यांनी ते परीक्षेपुरतं ऐकलं, मी मनावर घेतलं. मला तसंही समोर उभ्या असलेल्या माणसाला नाव सांगायचं जिवावर येतं.

म्हणून पहिल्यांदा ऑनलाइन खरेदी केली तेव्हा मी एक काका तयार केले. आडनाव आमचंच, कारण आमच्या कुडवा गावात घर सापडायला हवं. पहिलं नाव मनाने ठेवलेलं, वय सत्तरच्या आसपास. नंबरही माझा दिला नाही. बाबांचा जुना बटणांचा फोन फ्रिजवर पडलेला असायचा, त्याचा दिला. मेसेज आला की पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन ओटीपी बघायचा, झालं. शिवाय कुकीज विचारणाऱ्या प्रत्येक वेबसाइटला मी 'नाही' म्हणते, तो 'नाही' त्यांनी कुठल्याही कोपऱ्यात लपवलेला असो.

काका फारच खरे निघाले. मी कानातले बघायला गेले की त्यांना कवळीची पावडर दाखवली जायची. एकदा त्यांच्या वयाचा मान म्हणून गुडघ्याचा पट्टा फुकट आला. आमचं दार बंद असलं की पार्सलवाले दादा सामान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवतात. पट्ट्याचं पाकीट फाटलेलं होतं, त्यामुळे दुकानवाल्या भाभीने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "चाचाजी का घुटना कैसा है अब?"

"ठीक है," मी म्हणाले. खरं सांगायला चार वाक्यं लागली असती.

या उन्हाळ्यात मात्र मला एक गोष्ट अगदी मनापासून हवी होती. गावातल्या स्विमिंग पूलवर बायकांची बॅच सुरू होणार होती. कॉस्च्यूमशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. गेल्या वर्षी दुकानात मागायची लाज वाटली आणि बॅच गेली. या वेळी काकांनी मागवला. घरी कुणी नको म्हटलं नसतं, पण त्यावर चर्चा झाली असती, आणि चर्चा मला पाण्यापेक्षा खोल वाटते.

बॅच सोमवारी होती. शनिवारी दुपारी पार्सलवाले दादा दारात आले.

"काका कोठी हायेत जी?"

"बाहेर गेलेत."

"मंग ओटीपी सांगा, नाही तं काकांचं आधार दाखवा. नवा नियम आला. नाही तं पार्सल वापस."

मी फ्रिजकडे धावले. फ्रिजवर फोन नव्हता. बाबांचा नेहमीचा फोन बिघडला होता, म्हणून ते सकाळी कामाला हार्डवेअरच्या दुकानात जाताना हा बटणांचाच घेऊन गेले होते.

मी दारात परत आले आणि नुसती उभी राहिले. संकटात मी तेवढंच करते. दादांनीच बोलायला सुरुवात केली.

"दोन वर्षांपासून काकांचे पार्सल आणून राहिलो, एक डाव दिसले नाही. हायेत का नाही हो काका?"

हे समोरच्या मावशींना लागलं. आमच्या गल्लीत कुणाच्या माणसावर शंका घेतली की आधी साक्ष देतात, माणूस नंतर बघतात. त्या कपडे वाळत घालता घालता फाटकाशी आल्या.

"काऊन जी, पोरीले कायले त्रास देऊन राहिले? हायेत ना काका. पहाटे फिराले जाते."

"घुटने की तकलीफ है बेचारों को," भाभी दुकानातून ओरडली.

"मंग फिराले कसे जाते?"

"धीरे धीरे," भाभी म्हणाली.

तेवढ्यात बाबा स्कूटरवरून जेवायला आले, टुणकन उतरले आणि गर्दी बघून थबकले. दादांनी त्यांचे पांढरे केस पाहिले, खिशातला बटणांचा फोन पाहिला. त्यांचा चेहरा उजळला.

"आले ना काका! गुडघा तं चांगला दिसून राहिला जी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. भाभीने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ठामपणे म्हणाली, "हाँ, यही तो हैं."

बाबा सावकाश पायरीवर बसले. "आई गं," म्हणाले, आणि चुकीचा का होईना, एक गुडघा धरला. पट्टा डाव्या पायाचा होता.

"ओटीपी सांगा काका."

इथे माझा जीव गेला. बाबा कुठलाही मेसेज मनात वाचत नाहीत. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत, बँकेत वाचल्यासारखा, मोठ्याने वाचतात. त्यांनी चष्मा लावला.

"डिअर कस्टमर," बाबांनी सुरुवात केली. मावशी पुढे वाकल्या. "युअर ऑर्डर ऑफ वुमन्स…"

ते थांबले. घसा साफ केला. मग अंगठ्याने मेसेज खाली सरकवला आणि फक्त आकडे वाचले.

दादांनी आकडे टाकले, काका हेच म्हणून त्यांच्या मशीनला पटलं, आणि पार्सल बाबांच्या हातात पडलं. गल्ली पांगली. आत आल्यावर आईने विचारलं, "काय मागवलं?"

"मले काय माहीत? दुसऱ्याच्या नावाचं हाये," बाबा म्हणाले. "दुसऱ्याचं पार्सल उघडू नये." पाकीट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि जेवायला बसले.

वरणभात कालवताना ते ताटाकडे बघूनच म्हणाले, "काकांना सांग बेटा, पहिले काही दिवस कडेकडेनेच राहा म्हणावं."

तेव्हा लक्षात आलं की दोन वर्षं फ्रिजवरच्या त्या फोनवर येणाऱ्या मेसेजचा आवाज घरातल्या सगळ्यांना ऐकू जात होता.

सोमवारी काका कडेकडेनेच राहिले. नाकातोंडात पाणी गेलं, पण उतरले. आणि बाबा आता पार्सलवाले दादा दिसले की थोडे लंगडतात. कधी डाव्या पायाने, कधी उजव्या.